जागेपणीची भूल

व्यापाऱ्याच्या बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे छापलेले असते. रानात वाट चुकलेल्या गुराख्याला 'भूल पडली' असे आपण म्हणतो. आणि दवाखान्याच्या दारावर 'भूलतज्ज्ञ' अशी पाटी झळकते. शब्दांच्या अर्थच्छटा शिकवताना मी ही तीन उदाहरणे हटकून देते, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच, "बाई, चुका करण्यातसुद्धा तज्ज्ञ असतात का हो?" वर्ग हसतो, मीही हसते. पण या शब्दाशी माझा एक जुना हिशेब राहिला होता, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात तो चुकता झाला. त्याचीच ही हकीकत.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे पहिले आणि शेवटचे बाळंतपण. कळा सुरू झाल्या, पाणी गेले आणि बाळाच्या आधी नाळच खाली उतरली. अशा वेळी नाळ दाबली जाऊन बाळाचा प्राणवायू तुटतो. एकेक मिनिट मोलाचे असते. मला धावतपळत ऑपरेशनच्या खोलीत नेले, तोंडावर मुखवटा धरला, कोणीतरी म्हणाले, "मोठा श्वास घ्या." त्यानंतर एकदम संध्याकाळच उजाडली! घशात खवखव, डोळ्यांवर झापड, आणि उशाशी बसलेली जाऊ सांगते आहे, "मुलगी झाली हो, गोरीपान." घरातल्या सगळ्या माणसांनी, शेजारच्या वहिनींनीसुद्धा, तिला पाहून घेतले होते. आई तेवढी शेवटची.

पाचव्या दिवशी घरी जाताना हातात कागद पडला. त्यावर सिझेरियनच्या खाली आणखी एक ओळ होती : डाव्या अंडाशयावरची गाठ काढली. मी चकित होऊन यजमानांकडे पाहिले. ते म्हणाले, "डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ दिसते आहे, काढून टाकतो. मी सही केली. तुला सांगायचं राहूनच गेलं." गाठ साधी निघाली. मुलगी सुखरूप होती. तक्रार करावी असे त्यात काय होते? तरी माझ्याच पोटातली दोन कामे झाली, आणि दोन्ही मला इतरांकडून कळली, ही रुखरुख मनाच्या कोपऱ्यात राहिली ती राहिलीच.

आता बहिणीचे ऐका. ती साताऱ्याला असते. वय छत्तीस, दुसरी खेप. पहिल्या वेळी सिझेरियन झालेले, याही वेळी तेच ठरलेले. दिवस भरत आले तसा बेंबीपाशी बोराएवढा फुगवटा दिसू लागला आणि खोकताना दुखू लागला. तो हर्निया निघाला. शिवाय या मुलानंतर पुरे, म्हणून नळ्या बांधून घेण्याचे तिने पक्के केले होते. तिच्या सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला : "एकदा पोट उघडायचंच आहे, तर सगळं एकदमच उरकून टाका!"

व्यवहाराला धरून होते हे बोलणे. पण घरात चर्चेला ऊत आला. तीन-तीन कामे म्हणजे पूर्ण भूल द्यावी लागणार, असे एक पक्ष म्हणे. पाठीत सुई टोचली की कंबर जन्माची गेली, असे दुसरा पक्ष म्हणे. बहीण मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, काही झालं तरी मला झोपायचं नाही. तुझ्यासारखं नको." तेव्हा मीच सुचवले की या वादाचा निवाडा घरात न करता ज्यांचे ते काम आहे त्यांना विचारावे. आठव्या महिन्यात आम्ही दोघी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना भेटायला गेलो.

वाचकहो, इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सर्जन कोण, त्याचा हात कसा, याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पण आपला श्वास आणि रक्तदाब ज्याच्या हाती सोपवायचा, त्या भूलतज्ज्ञाचे नावही आपल्याला ठाऊक नसते. देशात आज दर पाचांतले एक बाळंतपण सिझेरियनने होते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण २१.५ टक्के आढळले. म्हणजे हा प्रश्न आता घरोघरचा झाला आहे.

डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी आधी बहिणीचे सगळे ऐकून घेतले, रक्ताचे अहवाल पाहिले, पाठीचे मणके बोटाने चाचपले, तोंड उघडायला लावून घसा पाहिला. मग एका कोऱ्या कागदावर बाईमाणसाची आकृती काढून म्हणाल्या, "किती ऑपरेशनं आहेत हे मी मोजत नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या असतात. भूल किती उंच चढवायची, आणि किती वेळ टिकवायची?"

त्यांनी मग जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. मज्जारज्जू मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पिशवीत नुसते मज्जातंतूंचे धागे असतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक सुईने ब्युपिव्हकेन नावाचे औषध सोडतात. किती? जेमतेम दोन मिलिलिटर, चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. पाच-दहा मिनिटांत पाय जड होतात आणि बधिरपणा छातीपर्यंत चढतो. ही मणक्यातली भूल, म्हणजे स्पायनल. सिझेरियनची चीर जरी ओटीपोटावर असली तरी आतल्या पडद्याचे तंतू वरून येतात, म्हणून बधिरपणा स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत न्यावाच लागतो. आई जागी राहते. ओढाताण जाणवते, कोणी पोटात भांडी घासत असल्यासारखे वाटते. पण दुखत नाही.

"आता बघा," डॉक्टरबाईंनी आकृतीवर रेघ मारली. "या रेषेच्या खाली जे जे येतं, त्याला हीच भूल पुरते."

नळ्या बांधणे तर डोळ्यांसमोरचेच काम. पोट उघडलेले असते, गर्भनलिका हाताशी असतात, चार-पाच मिनिटांत आटोपते. अंडाशयावरची गाठ त्याच चिरेतून काढता येते. बेंबीचा हर्निया वेगळ्या चिरेतून करावा लागला तरी बेंबी रेषेच्या बरीच खाली आहे. मात्र गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेल्या मोठ्या गाठींना सहसा हात लावत नाहीत. त्यात अडचण भुलीची नसते, रक्ताची असते. भरल्या दिवसांत गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त मिळत असते. मूळव्याध रेषेच्या खाली येते खरी, पण तिच्यासाठी निजण्याची तऱ्हा बदलावी लागते, आणि बाळंतपणानंतर ती पुष्कळदा आपोआप ओसरते. म्हणून थांबणेच बरे. स्तनातली किंवा काखेतली गाठ मात्र रेषेच्या वर. पाठीतली भूल तितकी उंच चढवू गेल्यास श्वासाशी गाठ पडते. तिथे एकतर जागेपुरते बधिर करणारे इंजेक्शन, नाहीतर पुढे कधीतरी सवडीने वेगळे ऑपरेशन.

उंचीचा प्रश्न सुटला. वेळेचा राहिला. एकदा टोचलेली स्पायनल साधारण दीड ते दोन तास पोट बधिर ठेवते. पहिल्या खेपेचे साधे सिझेरियन पाऊण-एक तासात होते, वर नळ्या बांधल्या तरी वेळ उरतो. पण दुसऱ्या वेळी आतले पदर एकमेकांना चिकटलेले असू शकतात, ते सोडवण्यात वेळ जातो. त्यात हर्निया. भूल मध्येच उतरली तर?

त्यावर दुसरी युक्ती आहे. मज्जारज्जूच्या पिशवीच्या बाहेर, तिला न भोसकता, केसासारखी बारीक नळी ठेवतात. ही एपिड्यूरल. तिच्यातून हवे तेव्हा औषध वाढवता येते. एकटी वापरली तर ती सावकाश चढते, पंधरा-वीस मिनिटे घेते, आणि औषधही जास्त लागते. कळांसाठी जिला ही नळी आधीच घातली आहे तिला पुढे सिझेरियन करावे लागले तर तीच नळी कामी येते. आणि दोन्हींचा संगमही करता येतो. आधी स्पायनलचा झटपट बधिरपणा, आणि पाठीशी नळी राखून ठेवलेली. "प्रवासाला निघताना कंदिलात तेल भरायचं आणि शिवाय बाटलीही बरोबर घ्यायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी मी हेच सुचवीन."

"मग पूर्ण भूल द्यायचीच नाही कधी?" मी विचारले. प्रश्न माझ्या सतरा वर्षांपूर्वीच्या संध्याकाळचा होता.

"असं कसं? ती नसती तर कितीतरी बाळं वाचली नसती." त्यांनी सांगितलेली कारणे अशी. मिनिटांचा खेळ असेल तेव्हा. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा बिंबिका फार उतरल्या असतील तेव्हा. पाठीवर सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल तेव्हा. खूप रक्तस्राव होत असेल तेव्हा. किंवा पाठीतली भूल नीट लागलीच नाही तर. पण तिची किंमत असते. गरोदरपणात घसा आतून सुजलेला असतो, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते. औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, म्हणून सगळी तयारी करून सर्जन चाकू घेऊन उभा राहिल्यावरच आईला झोपवतात. भुलीच्या वाफांनी गर्भाशय सैल पडते आणि रक्त जास्त जाऊ शकते. अशा झोपेत दुसरे छोटे काम लांबवणे म्हणजे ही सगळी जोखीम लांबवणे.

आणि पोटातले अन्न उलटून फुफ्फुसात जाण्याचा धोका. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यांत ६६ जणींच्या बाबतीत असे घडले होते. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात ते उगीच नव्हे. ठरवून करायच्या सिझेरियनला हलके जेवण सहा तास आधी, निव्वळ पाणी दोन तास आधीपर्यंत, असा आज सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा "बाळंतीण आहे, दूध-बिस्किट चोरून दिलं तर काय बिघडलं?" असे म्हणणाऱ्या मावश्यांनी हे ध्यानात ठेवावे!

आता कंबरेचे. पाठीतल्या सुईने कंबर जन्माची धरते याला आधार सापडलेला नाही. गरोदरपणात पुढे झुकलेले वजन, नंतर मूल घेऊन तासन्‌तास वाकून बसणे, यांनी कंबर दुखते आणि आळ सुईवर येतो. टोचल्या जागी चार दिवस ठणकते, इतकेच. डोकेदुखी मात्र खरी आहे, आणि तिची कथा मोठी मौजेची आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील गावी ऑगुस्ट बिअर या सर्जनने पाठीतून कोकेन देऊन पहिले ऑपरेशन केले. मग त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग केला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडा मारून पाहिला, पेटती सिगार टेकवून पाहिली. दुखले नाही. त्या आनंदात दोघांनी मद्याचे पेले रिचवले. पण पाठीतला द्रव बराच गळून गेला होता. बिअर यांना पुढे कित्येक दिवस अंथरुणातून डोके वर करवेना. भोकातून द्रव पाझरला की उठून बसताना डोके ठणकते, निजले की थांबते, ही आजही त्या दुखण्याची खूण. आता सुया केसभर झाल्या, टोक पेन्सिलीसारखे झाले, ते तंतू कापत नाही, बाजूला सारते. त्यामुळे साध्या स्पायनलनंतर हा त्रास शंभरात एखादीला होतो. एपिड्यूरलची सुई जाड असते. ती चुकून पिशवीत गेली तर त्रास अधिक होतो, पण त्यावरही उपाय आहेत.

रक्तदाब उतरणे, मळमळ, थंडी भरल्यासारखी हुडहुडी, अंगाला खाज, हेही होऊ शकते. म्हणून उजव्या कुशीखाली उशी सरकवून आईला जरा डावीकडे कलते करतात, म्हणजे जड गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देत नाही. आणि दाब चढवणारे औषध भरून तयार ठेवतात.

एवढे झाल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि बहिणीला विचारले, "हे सगळं तुम्हाला हवं आहे ना? तुम्हाला?"

हा तिसरा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटला. भुलीची उंची आणि वेळ डॉक्टर ठरवतील. पण दुसरे काम करायचे की नाही हे जिचे पोट तिने ठरवायचे, आणि टेबलावर निजण्याच्या आधी ठरवायचे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हे स्वच्छ सांगितले आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. न्यायालयाने ती संमती मानली नाही. एका कामाला दिलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. जीव वा प्रकृती वाचवण्यासाठी ते करावेच लागत असेल आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबणे योग्य नसेल, तरच अपवाद. नसबंदीबाबतही तेच. सही त्या स्त्रीची लागते. सरकारी नियमांप्रमाणे नवऱ्याची सही बंधनकारक नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो जुना कागद आणि त्यावरची ती ओळ उभी राहिली.

"आणि एक," डॉक्टरबाई म्हणाल्या, "नळ्या बांधणं कायमचं समजायचं. बाळ बाहेर आल्यावर त्याची तब्येत ठीक नसली तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवा."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग बहीण म्हणाली, "तसं झालं तर नळ्या बांधू नका. आणि हर्निया लहान आहे म्हणून कराच असं नाही. वेळ लागला तर राहू दे." सर्जननेही आधी तेच सांगितले होते. बाळंतपणानंतर पोट ढिले असते, टाके धरतील की नाही याची शंका असते, म्हणून पुष्कळ सर्जन या वेळी हर्नियाला हात लावत नाहीत. हिचा लहान आणि दुखरा होता म्हणून ते राजी झाले होते. या सगळ्या अटी कागदावर लिहिल्या गेल्या. खाली बहिणीची सही झाली.

ठरल्या दिवशी मीच आत गेले. मेहुण्यांना रक्त पाहून घेरी येते, आणि त्या रुग्णालयात आईच्या उशाशी एका माणसाला बसू देतात. बहीण बसून पुढे वाकली, उशी कवटाळली. "पाठ मांजरासारखी करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मुंगी चावल्यासारखे झाले, एवढेच ती म्हणाली. थोड्या वेळाने त्यांनी बर्फाचा तुकडा पायापासून वर वर लावत नेला. "गार लागतं?" "नाही." "इथं?" "नाही." छातीपाशी आल्यावर ती म्हणाली, "आता लागलं." रेष जिथे हवी तिथे चढली होती.

हिरव्या पडद्यापलीकडे काय चालले ते आम्हाला दिसत नव्हते. चिकटलेले पदर सोडवायला वेळ लागला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि बहिणीची बोटे माझ्या हातात रुतत होती. मग एकदम तो आवाज आला. मुलगा रडत होता. बहीण रडत होती. आणि खरे सांगायचे तर, सतरा वर्षे उशिरा, मीही रडत होते.

बाळाला पाहून बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "पहिल्या मिनिटाला आठ, पाचव्याला नऊ." दहापैकी हे गुण देण्याची पद्धत १९५२ साली व्हर्जिनिया ॲपगार यांनी घालून दिली. रंग, नाडी, रडणे, हालचाल आणि श्वास यांना प्रत्येकी दोन गुण. या ॲपगारबाई स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, हे मला त्याच दिवशी कळले. आईला भूल देणाऱ्या बाईंनीच बाळाकडे पाहायला जगाला शिकवले!

पडद्यापलीकडून सर्जनचा प्रश्न आला, "बाळ उत्तम आहे. नळ्या बांधू ना?" संमती तर कागदावर होतीच, तरी त्यांनी विचारले. बहीण स्पष्ट म्हणाली, "हो, बांधा."

हर्निया हाती घेतला तेव्हा दीड तास होऊन गेला होता. बेंबीपाशी काहीतरी टोचते आहे, असे बहीण म्हणू लागली. डॉक्टरबाईंनी सर्जनना थांबायला सांगितले, पाठीतल्या नळीतून औषध सोडले, बर्फ लावून पुन्हा खात्री केली, आणि मगच "चालू द्या" म्हणाल्या. बाटलीतले तेल कामी आले. ती नळी नसती तर एकतर हर्निया सोडून द्यावा लागला असता, नाहीतर बाळाचे रडणे ऐकलेल्या आईला झोपवावे लागले असते.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर एवढेच करा. दिवस भरण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. दुसरे काम कोणते, त्याला भूल कुठवर आणि किती वेळ लागेल, ती अपुरी पडली तर पुढे काय, हे विचारा. कोणते औषध, कोणती सुई, ते त्यांच्यावर सोडा. प्रत्येकीची प्रकृती वेगळी. आणि सही करण्याआधी जिचे पोट तिला बोलू द्या.

संध्याकाळी सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सुनेला विचारले, "काय गं, भूल नीट लागली होती ना?"

बहीण हसली. "लागली होती हो आई. पण विसरले मात्र काहीच नाही."